पाया घालण्याआधी मातीची फूग तपासा: कोकण किनाऱ्यावरच्या प्लॉटसाठी

कोकणात घरासाठी जागा घ्यायची म्हटली की चौकशी होते ती सातबाऱ्याची, रस्त्याची आणि पाण्याची. मातीचं सहसा कोणी विचारत नाही. कोकणातली माती म्हणजे लाल आणि लाल माती भरवशाची, असं आपण धरूनच चालतो. सड्यावरच्या, म्हणजे उंच कातळपठारावरच्या जमिनीपुरतं ते खरं आहे. जांभ्याच्या सड्यावर बांधलेली चिऱ्याची घरं पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत. पण उरण, पनवेल, पेण, अलिबाग, मुरुड या पट्ट्यात आज विकले जाणारे पुष्कळ प्लॉट कालपरवापर्यंत भातखाचरं होती. वर चार-पाच फूट लाल मुरमाचा भराव टाकून ती सपाट केलेली असतात. खाली मात्र तीच करडी-काळी चिकण माती असते, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात आकसणारी.

घराला तडे जातात ते या खालच्या मातीमुळे, आणि ती कशी आहे हे तपासायला फार खर्च येत नाही. लाखो रुपयांचं काम सुरू करण्याआधी थोडे पैसे आणि थोडे दिवस तपासणीवर घालवावेत, एवढा माझा आग्रह आहे. ते कसं करायचं ते पुढे क्रमाने लिहितो.

माती फुगते म्हणजे नेमकं काय होतं

फुगणाऱ्या मातीतलं मुख्य खनिज म्हणजे मॉन्टमोरिलोनाइट. ते ज्या गटात मोडतं त्याला स्मेक्टाइट म्हणतात. त्याचा कण अतिशय पातळ पापुद्र्यांचा बनलेला असतो. एकेका पापुद्र्यात वरखाली सिलिकाचे दोन थर आणि मध्ये अॅल्युमिनाचा एक थर असतो, आणि तिन्ही मिळून जाडी जेमतेम एक नॅनोमीटर भरते. पापुद्र्यावर ऋण विद्युतभार असल्यामुळे दोन पापुद्र्यांच्या फटीत सोडियम, कॅल्शियमसारखे धनभारित आयन येऊन बसतात. पाणी मिळालं की ते या आयनांभोवती गोळा होतं आणि पापुद्रे एकमेकांपासून दूर सरकतात. कॅल्शियम जास्त असेल तर ते ठरावीक अंतरावर थांबतात. सोडियम जास्त असेल तर फूग कितीतरी पुढे जाते. अशा एक ग्रॅम खनिजाचं सगळ्या पापुद्र्यांचं मिळून क्षेत्रफळ 800 चौरस मीटरपर्यंत जातं.

लाल मातीतलं मुख्य चिकण-खनिज, केओलिनाइट, वेगळं. त्याचे पापुद्रे हायड्रोजनच्या बंधांनी एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यामुळे मध्ये पाणी शिरत नाही. ही माती ओली होते, चिकटही होते, पण फारशी फुगत नाही.

या दोन्ही माती कोकणात शेजारी-शेजारी सापडतात आणि दोन्हींचं मूळ बहुतांशी एकच आहे, दख्खनचा काळा बेसॉल्ट. उंचावर 2,500 ते 3,500 मिलिमीटर पाऊस पडून पाणी खाली निघून जातं. जाताना ते सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेतं. मागे उरतात लोह-अॅल्युमिनियमची ऑक्साइडं आणि केओलिनाइट. तोच आपला जांभा आणि तीच लाल माती. सखल भागात पाणी तुंबतं, क्षार जमिनीतच राहतात आणि तिथे स्मेक्टाइट तयार होतं, टिकतंही. त्यात सह्याद्रीवरून नद्यांनी आणलेला बेसॉल्टचा गाळ खाड्यांच्या तोंडाशी बसतो. म्हणून रायगड-ठाण्याच्या खाडीपट्ट्यात ही अडचण जास्त. दक्षिण सिंधुदुर्गात बेसॉल्टऐवजी त्याहून कितीतरी जुने खडक आहेत. तिथे ती कमी, पण नदीकाठच्या मळ्यात तपासणी केलेली बरी.

पहिलं काम: जमीन एप्रिल-मेमध्ये बघा

प्लॉट पावसाळ्यानंतर हिरवागार असताना बघितला तर काहीच कळत नाही. एप्रिलच्या शेवटी जा. भराव नसलेल्या कडेला किंवा शेजारच्या पडीक खाचरात भेगा बघा. हाताची बोटं सहज आत जातील अशा रुंद, पाचसहा कोन असलेल्या जाळ्यासारख्या भेगा दिसल्या तर माती फुगणारी आहे, असं धरून पुढचं काम करा. एखादी सरळ काठी किंवा तार भेगेत सोडा आणि किती आत जाते ते मोजा. दरवर्षी वाळणारा आणि भिजणारा थर किती खोल आहे याचा तो पहिला अंदाज. भेगांच्या टोकाच्या खालीही माती थोडीफार वाळलेली असते, हे लक्षात ठेवा.

मग गावातल्या जुन्या शेतकऱ्याला गाठा आणि दोनच गोष्टी विचारा. भराव टाकण्याआधी इथे काय होतं? आणि विहिरीचं पाणी मे महिन्यात किती खाली जातं? खाचराला भर उन्हाळ्यात भेगा पडत असतील, तर प्रश्न फुगण्याचा आहे. जमीन खाजणाची असेल, भरतीचं पाणी पूर्वी आत येत असेल आणि फूटभर खणलं की बारमाही चिखल लागत असेल, तर प्रश्न वेगळा आहे. ती माती आधीच पाण्याने भरलेली असते, म्हणून फुगायला तिला फारसा वाव नसतो. पण ती इतकी मऊ असते की वर भराव आणि घर आलं की वर्षानुवर्षं दबत राहते. न्हावा-शेवाच्या बंदरातही अशा मऊ सागरी मातीतलं पाणी आधी काढून, तिला दाबून, मग बांधकाम करावं लागलं. दोन्ही ठिकाणी भिंतीला तडेच जातात, पण उपाय एक नाही. खाजणाच्या जमिनीसाठी सरळ मृदा-अभियंत्याकडे जा. हा लेख मुख्यतः भातखाचराच्या जमिनीसाठी आहे.

शेजारची घरंही बघून घ्या. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर चढत गेलेली भेग, चिऱ्याच्या भिंतीत सांध्यासांध्यांतून जिन्यासारखी गेलेली भेग, खोलीच्या मध्यभागी उचललेली फरशी, या खुणा मातीकडे बोट दाखवतात. श्रावणात दरवाजा घट्ट बसतो म्हणून मातीला दोष देऊ नका. दमट हवेत लाकूडही फुगतं.

दुसरं काम: खड्डा घ्या, भरावाच्या खालपर्यंत

घराच्या जागी निदान दोन खड्डे घ्या, समोरासमोरच्या कोपऱ्यांत. भराव ओलांडून मूळ जमिनीत किमान दीड मीटर खाली जायला हवं. जेसीबीने अर्ध्या तासाचं काम आहे. मात्र चिकण मातीच्या खड्ड्याच्या भिंती काही कल्पना न देता ढासळतात. कंबरेपेक्षा खोल खड्ड्यात आधार दिल्याशिवाय कोणालाही उतरवू नका. नमुना बकेटमधूनच घ्या.

रंग बदलेल तिथे थर बदलला असं समजा आणि प्रत्येक थरातली दोन किलो माती वेगळ्या पिशवीत भरा. पिशवीवर खोली लिहा. ओली माती असतानाच एक ढेकूळ हातात घेऊन फोडा. आतली बाजू तेलकट, चकचकीत दिसली आणि त्यावर घासल्यासारख्या रेघा असल्या, तर ती जुनी खूण आहे. आकसताना-फुगताना मातीचे ढेकळे एकमेकांवर सरकतात आणि त्या सरकण्याने हे गुळगुळीत पृष्ठ तयार होतं. मला ही खूण कागदावरच्या आकड्याइतकीच बोलकी वाटते.

दोन सोप्या हातपरीक्षा जागेवरच होतात. ओली माती मळून तळहातावर लांब वळी करा. तीन मिलिमीटर जाडीची वळी न तुटता निघाली आणि ती पुन्हा गोळा करून पुन्हा वळता आली, तर मातीत चिकणाचा अंश भरपूर आहे. दुसरी, वाळवलेलं ढेकूळ बोटांनी चुरडून बघा. लाल मुरमाचं ढेकूळ चुरडतं. काळ्या चिकणीचं दगडासारखं राहतं, हातोडीच लागते.

तिसरं काम: रॉकेल आणि पाण्याची परीक्षा

फुगीचा आकडा काढायची ही सगळ्यात स्वस्त रीत. भारतीय मानक 2720 च्या 40 व्या भागात ती दिली आहे. घरी केली तर निकाल प्रयोगशाळेइतका काटेकोर येणार नाही, पण पुढे जायचं की थांबायचं एवढं नक्की कळतं.

लागतं काय, तर 100 मिलिलिटरच्या दोन काचेच्या मोजनळ्या, दहा ग्रॅम अचूक दाखवणारा काटा, रॉकेल आणि शुद्ध पाणी. मोजनळ्या जवळच्या शाळेच्या प्रयोगशाळेतून मागून आणता येतात. पाणी बॅटरीत घालायचं घ्या. विहिरीचं नको, त्यातले क्षार निकाल बिघडवतात.

माती कुटून 425 मायक्रॉनच्या चाळणीतून चाळावी लागते. ती नसेल तर मैद्याची सगळ्यात बारीक चाळणी चालवून घ्या. प्रयोगशाळेत माती साधारण 105 ते 110 अंशांवर भट्टीत वाळवतात. घरी पातळ पसरून कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवा आणि रोज वजन करा. वजन घटायचं थांबलं की वाळली. पावसाळ्याच्या दमट हवेत हा प्रयोग करू नका. वाळवून ठेवलेली चिकण माती उघड्यावर पुन्हा ओल धरते.

आता दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग करा. एक नळीत टाकून त्यावर 100 च्या खुणेपर्यंत रॉकेल भरा, दुसऱ्यावर पाणी. काचेच्या कांडीने हलकेच ढवळून अडकलेली हवा बाहेर काढा. मग नळ्या न हलवता 24 तास ठेवा. दुसऱ्या दिवशी दोन्ही नळ्यांत माती कोणत्या खुणेपर्यंत आली आहे ते डोळ्यांच्या पातळीवर धरून वाचा. रॉकेलाचे रेणू पापुद्र्यांच्या मध्ये शिरत नाहीत, म्हणून त्या नळीत माती न फुगता बसते. पाण्यातल्या आकड्यातून रॉकेलातला आकडा वजा करा, उत्तराला रॉकेलातल्या आकड्याने भागा आणि शंभराने गुणा. समजा, रॉकेलात माती 10 मिलिलिटरवर बसली आणि पाण्यात 19 वर. फूग 90 टक्के आली.

मानक 1498 प्रमाणे 50 टक्क्यांच्या आत असेल तर फूग कमी, 50 ते 100 मध्यम, 100 ते 200 जास्त आणि 200 च्या वर अतिशय जास्त.

इथे आपल्या भागातल्या दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. एक, लाल मातीत कधीकधी पाण्यातला आकडा रॉकेलातल्यापेक्षा कमी येतो आणि उत्तर ऋण निघतं. तुमचं काही चुकलेलं नाही. केओलिनाइटचे कण रॉकेलात विस्कळीत गुच्छ करून बसतात, म्हणून तिथे जास्त जागा व्यापतात. अशी माती फुगणारी नाही, एवढाच अर्थ घ्या. दोन, खाडीजवळच्या खाऱ्या मातीत मीठ असतं तोवर फूग दबलेली राहते. भराव टाकून भरतीचं पाणी थांबवलं, वरून पाऊस पडत राहिला, की काही वर्षांत मीठ धुऊन जातं आणि सोडियम चिकटलेली चिकण मागे राहते. ती जास्त फुगते आणि पाण्यात विरघळल्यासारखी सुटीही होते. म्हणून अशा मातीचा एक नमुना शुद्ध पाण्याने तीन-चार वेळा धुऊन, निथळून, पुन्हा वाळवून त्याचीही परीक्षा करा. धुतलेल्या मातीचा आकडा बराच जास्त आला तर तोच खरा धरा.

शिवाय वाळक्या मातीचं हरभऱ्याएवढं ढेकूळ शुद्ध पाण्याच्या ग्लासात अलगद सोडून बघा. ते नुसतं ढासळून तळाशी पडलं तर ठीक. त्याच्याभोवती दुधासारखा गढूळ ढग पसरून पाणी तासभर निवळलं नाही, तर ती सुटी होणारी माती आहे. ती पायाखालून आणि बांधातून पाण्याबरोबर वाहून जाते.

चौथं काम: प्रयोगशाळेकडून काय मागायचं

आकडा 50 च्या वर गेला की घरगुती परीक्षेवर थांबू नका. अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि खाजगी मृदा-प्रयोगशाळांत नमुना देता येतो. नुसतं “माती तपासून द्या” म्हटलं तर तुम्हाला धारणक्षमतेचा, म्हणजे माती किती भार पेलते याचा, एक आकडा मिळेल आणि फुगण्याबद्दल काहीच कळणार नाही. म्हणून स्पष्ट सांगा: द्रव मर्यादा (किती ओलीला माती वाहू लागते), आकार्यता निर्देशांक (ओलीच्या किती टप्प्यात ती मळता येते), आकुंचन मर्यादा (किती ओलीखाली आकसणं थांबतं), मुक्त फूग (वरचीच रॉकेल-पाण्याची परीक्षा) आणि फुगीचा दाब. यातला दाबाचा आकडा घरबांधणीत सगळ्यात जास्त कामाचा. काळ्या चिकणीचा दाब चौरस मीटरला दहा-वीस टन सहज भरतो. एकमजली घराचा पायावरचा भार बऱ्याचदा याहून कमी असतो, म्हणून माती घराला उचलू शकते. मोठी इमारत तिच्या वजनानेच माती दाबून धरते, आणि छोटं घर, कुंपणाची भिंत, अंगणाची फरशी उचलली जाते. “आमचं साधंच तर घर आहे” असं म्हणून तपासणी टाळणारे नेमके इथे फसतात.

पाचवं काम: पाया कसा घ्यायचा

फूग कमी असेल तर नेहमीचा दगडी किंवा आर.सी.सी. पाया चालतो. फक्त तो भरावात न ठेवता मूळ जमिनीत न्या.

फूग मध्यम असेल तर पायाखालची चिकण खणून काढा आणि तिथे न फुगणारी पण थोडी चिकटपणा असलेली माती थराथराने दाबून भरा. आय.आय.टी. मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी या उपायावर मोठं काम केलं. सुमारे एक मीटर जाडीचा असा थर खालच्या मातीची फूग बरीच रोखून धरतो, असं त्यांच्या कामातून पुढे आलं आणि कालव्यांच्या अस्तरांखाली तो वापरला गेला. आपल्याकडे हे साहित्य दारात आहे. जांभ्याचा मुरूम या कामाला उत्तम, कारण त्यातली चिकण केओलिनाइटची असते. पंधरा-वीस सेंटिमीटरचा एक थर, त्यावर बेताचं पाणी, रोलर किंवा प्लेट कॉम्पॅक्टर, मग पुढचा थर. डंपरने एकदम ओतून वरून पाणी मारणं म्हणजे दाबणं नव्हे.

इथे वाळू भरू नका, हे मी ठासून सांगेन. वाळू फुगत नाही म्हणून मिस्त्री ती सुचवतात. पण चिकणीत खणलेल्या चरात वाळू भरली की तो चर पाण्याची टाकी होतो आणि पावसाळाभर पायाखालच्या मातीला पाणी पुरवत राहतो.

फूग जास्त असेल तर खाली फुगवटा असलेले खांब, म्हणजे अंडर-रीम्ड पाइल, हा भारतात रुळलेला उपाय आहे. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने त्याचा विकास केला. खांब वाळणाऱ्या-भिजणाऱ्या थराच्या खाली जाऊन रुजतो. खोल फुगणाऱ्या मातीत त्याची लांबी किमान साडेतीन मीटर हवी, असं मानक 2911 च्या तिसऱ्या भागात आहे. खालचा फुगवटा साधारणपणे खांबाच्या व्यासाच्या अडीचपट. वर प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याची तुळई, घालताना तो जमिनीवर टेकवू नका, खाली आठ सेंटिमीटर पोकळी ठेवा. ही पोकळी काम करणाऱ्यांना विचित्र वाटते आणि तुमची पाठ वळली की ती मातीने भरली जाते. बीम ओतायच्या दिवशी स्वतः उभे राहा.

चुना मिसळण्याचा उपायही चांगला. कोरड्या मातीच्या वजनाच्या तीन ते सहा टक्के चुना घातला की सोडियमची जागा कॅल्शियम घेतं आणि पुढे चुना-सिलिकाची घट्ट संयुगं होतात. रस्त्यांच्या कामात हे चालतं. खाडीकाठच्या मातीत मात्र सल्फेट तपासल्याशिवाय चुना घालू नका. सल्फेट, चुना आणि चिकण एकत्र आले की एट्रिंगाइट नावाचं खनिज तयार होतं आणि ते स्वतःच फुगतं.

कामाचा महिनाही महत्त्वाचा. मे महिन्यात पाया खणून मृगाआधी जोतं करून घ्यायची आपली पद्धत लाल मातीत ठीक आहे. फुगणाऱ्या मातीत ती घातक. तेव्हा माती वर्षातली सगळ्यात कोरडी असते, म्हणजे पहिल्याच पावसात जास्तीत जास्त फुगणार. शक्य असेल तर खोदाई डिसेंबर-जानेवारीत घ्या, ओल मध्यम असताना. चर खणला की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, तळाशी पी.सी.सी., म्हणजे बिनसळईचं साधं काँक्रीट, टाका. उन्हात उघडा पडलेला तळ वाळतो, मग पुढे फुगतो.

सहावं काम: पाण्याचा बंदोबस्त, कायमचा

माती सतत ओली राहिली तर घर हलत नाही, सतत कोरडी राहिली तरी हलत नाही. तडे जातात ते एक बाजू ओली आणि दुसरी कोरडी असली की. कोकणात चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने कोरड, त्यामुळे हा फरक दरवर्षी ठरलेला.

पागोळ्यांचं पाणी जोत्याशी पडू देऊ नका. पन्हळी लावून ते दूर न्या. घराभोवती चारही बाजूंनी दीड मीटर रुंद, बाहेर उतरता पट्टा करा आणि भिंतीशी सांधा लवचीक ठेवा. शोषखड्डा आणि सेप्टिक टँक घराला लागून नको. खाली गाडलेल्या पाइपांचे सांधे वर्षातून एकदा तपासा, कारण गळका सांधा उन्हाळ्यातही एकाच कोपऱ्यातली माती फुगवत ठेवतो.

आणि झाडं. वड, पिंपळ, उंबर यांची मुळं उन्हाळ्यात लांबवरून पाणी ओढतात आणि त्या बाजूची माती आकसते. झाड जेवढं उंच होणार तेवढं तरी ते घरापासून लांब हवं. माडाचं उलटं असतं. भिंतीपासून हातभर अंतरावर माड लावला की त्याच्या आळ्यात उन्हाळाभर रोज बादल्या ओतल्या जातात. बाकी सगळं अंगण भेगाळलेलं आणि तेवढ्याच कोपऱ्यात चिखल. खोलीचा तोच कोपरा वर आलेला दिसतो. माड लावा, पण चार-पाच मीटर लांब.

खारबंदिस्तीच्या बांधासाठी थोडंसं

खाडीचं खारं पाणी अडवणारा खाचराचा बांधही याच मातीचा असतो. उन्हाळ्यात त्याला वरून भेगा पडतात, खेकडे बिळं करतात, आणि पहिल्या मोठ्या उधाणाला पाणी त्यातूनच वाट काढून खांड पाडतं. मे महिन्याच्या शेवटी भेगा नुसत्या वरून लिंपू नका. तिथे फूटभर खणा, ओली चिकण घालून थराथराने चोपा. वर गवत राहू द्या, माथा वाळायचा कमी होतो. ढेकळाच्या परीक्षेत दुधाळ ढग आला असेल, तर पाणथळ बाजूला त्या मातीत जिप्सम मिसळल्याने फायदा होतो. त्याचं प्रमाण पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राकडून नमुना तपासून घ्या.

घर आधीच तडकलं असेल तर

घाईने प्लास्टर करू नका. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने बारीक खूण करा, दोन खुणांमधलं अंतर मिलिमीटरच्या पट्टीने मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. दर महिन्याला तेच करा, वर्षभर. पावसाळ्यात भेग मिटत असेल आणि एप्रिल-मेमध्ये रुंद होत असेल, किंवा याच्या बरोबर उलट, पण वर्षअखेर मूळ आकड्यावर येत असेल, तर माती फुगते-आकसते आहे. अशा घराला आधी पाण्याचा बंदोबस्त करा, एक पूर्ण वर्ष जाऊ द्या आणि हालचाल कमी झाली की मगच भेगा भरा. अंतर ऋतूची पर्वा न करता एकाच दिशेने वाढत असेल, तर घर दबतं आहे. ती वही घेऊन संरचना-अभियंत्याकडे जा. भेग पाच मिलिमीटरच्या पुढे गेली असेल, बीम किंवा कॉलममधून जात असेल, किंवा चिऱ्याची भिंत ओळंब्याला बाहेर झुकलेली दिसत असेल, तर वर्ष पूर्ण व्हायची वाट बघू नका.